गाडीच्या तळाला माझी ठिगळं

२ मार्च, रविवार, संध्याकाळी

डाव्या पायातली चप्पल गेली. चालत्या गाडीतून. दारातून नाही, खिडकीतून नाही, तळातून! ताईकडून परत येत होतो. मागच्या सीटवर माझ्या जागेवर बसून पाय जरा ताणला, तर टाच चटईसकट खाली गेली आणि चप्पल रस्त्यावर. थांबव म्हणून ओरडले. लेक म्हणाला, मागे ट्रक आहे आई. ट्रक आहे म्हणे! ट्रकवाल्याला काय आई नसते? नवी चप्पल होती, आजच ताईने नावाजली होती. नजर तिचीच.

घरी येऊन चटई उचलली. खाली मी घातलेलं गोणपाट, त्याच्याखाली गंजाने खाल्लेली भोकं. गोणपाट मी घालते, गाडीला ऊब राहावी म्हणून. पण ते सदा ओलं. असणारच, सूनबाई ओली छत्री आणते ना गाडीत. मी किती वेळा बोलले. पण आमचं ऐकतं कोण.

जेवताना लेक म्हणाला, गाडी भंगारात. रविवारी भंगारवाला येईल. माझा घास तोंडातच. मग ताईकडे जायचं कसं? तिला जिना उतरवत नाही, दर रविवारी वाट बघते. तर म्हणे भाड्याची गाडी करू. अरे, भाड्याच्या गाडीत ड्रायव्हर एक जागा खातो! आपण पाच. तू, सूनबाई, नात, हे आणि मी. उरणार कोण, ते मला कळत नाही का? सूनबाई ताटात बघायला लागली. आमचे हे लोणचं मागायला लागले.

शेवटी कबूल करून घेतलं. तळ दुरुस्त झाला आणि वेल्डरने पास केला, तर गाडी राहील.

संकल्प: गाडी वाचवायची. दुसरा संकल्प: चिडायचं नाही. बी.पी. वाढतं.

४ मार्च, मंगळवार

वेल्डर सकाळी येतो म्हणाला, दुपारी उगवला. चिडले. पण तेवढंच.

गाडीखाली सरकला आणि स्क्रूड्रायव्हरने टोचत सुटला. टोचेल तिथे आरपार! आला तेव्हा दोन-चार भोकं होती, गेला तेव्हा चाळणी. परक्याच्या गाडीला कोणी असं टोचतं? वर मलाच विचारतो, आजी, आत एवढं पाणी येतं कुठून? म्हटलं, येतं कुठून काय, मी ओतते! दर शनिवारी दोन बादल्या, साबण, खराटा. घराची फरशी धुते तशी गाडीची. गाडी घेतल्यापासून एक शनिवार चुकला नाही. आजारी होते तेव्हा ह्यांना उभं करून धुवून घेतली.

वेल्डर लेकाकडे बघायला लागला. लेक आभाळाकडे. चांगल्याला चांगलं म्हणताना लोकांची जीभ अशी जड होते.

म्हणे सडलेला सगळा पत्रा कापून काढायचा, नवा जोडायचा, महिनाभर तरी हात रिकामा नाही. रविवारी येऊन बघून जाईन. आणि जाताना सांगतो, आजी, पाणी बंद करा. याला काय नळ दुरुस्त करायला बोलावलं होतं?

५ मार्च, बुधवार

मीच करणार. त्यात काय आहे डोंबल! जन्मभर ठिगळं लावली. चादरींना लावली, लेकाच्या चड्ड्यांना लावली. लेकाला आठवत नाही, पण मला आठवतं.

तेलाचा रिकामा डबा कापला. सूनबाईची कपडे बेतायची कात्री वापरली. तिने तोंड केलं. कात्री बोथट झाली म्हणे. मी म्हटलं, छत्री वाळवून आणली असतीस तर कात्री लागलीच नसती.

आमच्या ह्यांना बॅटरी धरायला बसवलं. धरल्या धरल्या झोपले. बॅटरी सगळा वेळ त्यांच्याच पोटावर. चिडले.

७ मार्च, शुक्रवार

कमरेचा काटा ढिला झाला, पण ठिगळं काय सुंदर बसलीत! वरून पत्रा, मध्ये डांबर, कडेने पुट्टी. एका ठिगळाची कड दुसऱ्यावर चढवली. गंज खरवडत बसले नाही. खरवडला की भोक वाढतं, वेल्डरला एवढंही कळत नाही.

आणि एक चोरी पकडली. तळाला चांगली गोल गोल भोकं सापडली, वर रबरी बुचं. गंजाची नव्हेत, कंपनीनेच पाडलेली! नवी गाडी म्हणून भोकं पाडून विकली आम्हाला! आणि दोन बुचं तर गायबच. तीही सगळी भोकं डांबराने बुजवून टाकली. लेकाला सांगितलं तर म्हणाला, आई, ती पाणी जायला असतात. म्हटलं, बस, कंपनीची बाजू घे.

८ मार्च, शनिवार

शनिवार म्हणून गाडी धुतली. उद्या माणसं यायची, तेव्हा एक बादली जास्त.

खाली वाकून बघितलं. थेंब नाही! इतकी वर्षं बादली ओतली की खाली ओहोळ वाहायचा, आज जमीन कोरडी ठणठणीत. याला म्हणतात काम! ह्यांना उठवून दाखवलं. छान म्हणाले आणि परत झोपले. वर नवं गोणपाट, त्यावर चटया. ताईला फोन केला, उद्या येतेच म्हटलं, तुझ्या आवडीचा लाडू आणते.

९ मार्च, रविवार

वेल्डर आज वेळेवर आला. नको तेव्हा बरोबर येतो मेला.

मी आधीच माझ्या जागेवर बसले होते, नवी साडी, मांडीवर लाडवांचा डबा. पाय घोट्यापर्यंत पाण्यात. म्हटलं गारवा बरा वाटतो. वेल्डरने दार उघडलं तर पाणी त्याच्या बुटांवर. त्याने बूट झटकला. पुढच्या सीटसमोर एक पाय ठेवला आणि नुसता जोर दिला. नुसता जोर!

आख्खा तळ खाली आला. धाडकन. पाण्यासकट, गोणपाटासकट. मी सीटवर तशीच, पाय जमिनीवर. लाडू कोरडे, हे आधी बघितलं. मग खाली बघितलं. माझं एकही ठिगळ सुटलं नव्हतं! सगळी एकमेकांना घट्ट धरून होती. गाडीनेच साथ सोडली, त्याला मी काय करू? वेल्डरला हे दाखवलं. तो म्हणाला, हो आजी, ठिगळं मजबूत आहेत. म्हणजे माझं काम पासच झालं की! पण लेकाने ऐकलं नाही.

भंगारवाला गाडी घेऊन गेला. मागची सीट मी सोडली नाही. ती आता दाराशी ठेवलीय. अजून ओली आहे, पण बसता येतं.

दुपारी भाड्याची गाडी आली. ड्रायव्हर चांगला जाडा. लेक, सूनबाई, नात मागे. पुढे कोण बसलं? आमचे हे! इतके दिवस झोपलेला माणूस, गाडीचा हॉर्न ऐकून टुणकन उठला. लाडवांचा डबा त्यांच्याच हाती दिला. चिडले नाही. दार जरा जोरात लावलं एवढंच.

ताईचा फोन आला. सगळे आले, तू का नाही आलीस?

म्हटलं, मीच नको म्हटलं. म्हणजे मला कोणी विचारलं नव्हतं. पण विचारलं असतं, तर मी नकोच म्हटलं असतं.