माझ्याकडचं एकच नाव

आत्या,

झालं ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

१. धाकट्याला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

२. मी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. बाळ हातात घेतलं नाही. सर्दी झालीय असं सांगितलं. सर्दी झाली नव्हती.

३. काल भावजयीचा फोन आला. येत्या रविवारी बारसं आहे. नाव आत्याने ठेवायचं, म्हणजे मी. नुसतं कानात सांगायचं नाही, निवडायचंही मीच.

४. मी "बघते" म्हणाले.

५. माझ्याकडे एक नाव आहे. ते मला द्यायचं नाही.

तू गेलीस तेव्हा मी नववीत होते, त्यामुळे माझ्याबद्दलची बरीच माहिती तुझ्याकडे नाही. मी इंजिनिअर झाले. हडपसरला एका प्रयोगशाळेत मोजायची साधनं तपासते. वजनकाटे, तापमापक, दाब दाखवणारी घड्याळं कारखान्यांतून आमच्याकडे येतात आणि ती खरं सांगतात की नाही ते आम्ही बघतो. लग्न झालं, वारज्यात राहतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझे सांधे धरायला लागले आणि उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टे उठायला लागले. शरीर स्वतःवरच उलटतं असा हा आजार आहे. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. पुढे तो किडनीवर गेला. किडनी वाचवायला जे औषध सलाइनमधून दिलं, त्याने किडनी वाचली आणि पाळी कायमची गेली. डॉक्टरबाईंनी हे आधी सांगितलं होतं. बीजं काढून गोठवून ठेवता येतात, पण त्यासाठी थांबायला वेळ नाही, असंही सांगितलं होतं. सही मी केली. शेजारी नवरा उभा होता, त्याने फक्त पेनचं टोपण काढून दिलं.

गोळ्यांनी चेहरा सुजतो, पोटही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काय गं, गोड बातमी वाटतं?" मी म्हटलं, "हो काकू. लघवीतलं प्रोटीन कमी आलंय." त्या पुढच्याच मजल्यावर उतरल्या. तो त्यांचा मजला नव्हता. तुला हे आवडलं असतं म्हणून सांगितलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला, मग उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला. आमच्या घरात हे असं चालतं. एकाने हसवायचं, दुसऱ्याने नळ सोडायचा. सासूबाई पूर्वी वटसावित्रीला फोन करून काय काय करायचं ते सांगायच्या, आता फक्त "पथ्य पाळतेस ना?" एवढंच विचारतात. हॉस्पिटलात एक समुपदेशक बाईही आहेत. चांगल्या आहेत. त्यांनी विचारलं, "एक ते दहामध्ये तुमचं दुःख किती?" मी विचारलं, "दहा म्हणजे कुणाचं धरायचं?" त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. त्यानंतर मी त्यांच्याकडे नेमाने जाऊ लागले.

पण एक शब्द असा आहे, जो मी त्यांनाही सांगितलेला नाही. मला हेवा वाटतो. आमच्याकडे काटा तपासायला घेतला की आधी ताटली पूर्ण रिकामी करून बघतात. काही काट्यांवर काहीही न ठेवता आकडा दिसतो, आणि मग तो पुढच्या प्रत्येक वजनात मिसळत राहतो. माझं तसं झालंय. भावजय म्हणाली, "ताई, रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो," तर तेवढंच ऐकायला हवं. मला तिच्या जागरणाचा हेवा वाटतो. तिच्या पायांवरच्या सुजेचाही वाटला, कारण तिची सूज उतरणार होती आणि उतरताना काहीतरी देऊन जाणार होती. ऑफिसातली एक मुलगी सुट्टीचा अर्ज घेऊन आली, तिच्या अर्जावरच्या कारणाचा वाटला. ती वाईट असती, भावजय म्हणते मी, तर सोपं गेलं असतं. ती वाईट नाही. हॉस्पिटलात तिची आई दाराबाहेर धाकट्याला हळू आवाजात सांगत होती, "नाव ठेवायला चुलत आत्या चालेल का बघा ना. ताईंची तब्येत अशी, त्यांना उगाच दगदग." दगदग म्हणजे काय ते मला कळलं, धाकट्यालाही कळलं. तो बुटांकडे बघत राहिला. आतून भावजय म्हणाली, "आई, माझ्या मुलीला आत्या एकच आहे. चहा आणतेस का?" ओली बाळंतीण, टाके दुखत असताना, आवाज न चढवता. मला तिचे आभार मानायला हवे होते. मला तिच्या "माझ्या मुलीला" या दोन शब्दांचा हेवा वाटला.

आणि तुझाही वाटतो. हे तुलाच लिहायचं होतं. तुझ्या वेळी कुणाला कारण कळलं नाही. आतोबांच्यात दोष होता की तुझ्यात, हे तुम्ही दोघांनी शोधायलाच नकार दिला म्हणे. मला माझं कारण माहीत आहे, औषधाच्या नावासकट आणि मात्रेसकट. तुला दमा होता, पण दम्याने तुझं काही हिरावलं नव्हतं, फक्त जिन्यावर थांबायला लावायचा. तू टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर बसायचीस. एकदा मला नेलं होतंस. तुझा पंप हेडफोनशेजारी ठेवलेला. खोकल्याची उबळ आली की तू आधी पंप ओढायचीस, क्षणभर थांबायचीस, मग बटण दाबून इतक्या संथ आवाजात "नमस्कार, चौकशी" म्हणायचीस की पलीकडच्या माणसाला वाटावं, या बाईला आयुष्यात कधी घाई झालेली नाही. मला तो आवाज हवाय. तो मला साधत नाही. माझा कोरडा निघतो, लोकांना वाटतं मी रागावले.

कर्वेनगरच्या तुझ्या स्वयंपाकघरात नेहमी कुणा ना कुणा बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू चाललेले असायचे. घरातल्या, शेजारच्या, खात्यातल्या. तू नारळ खवते आहेस, मी ओट्यावर बसून फुटलेले लाडू खाते आहे, धाकटा दारात उभा आहे. त्याला माझी रंगपेटी हवी आहे. आई म्हणाली म्हणून मी ती त्याच्यापुढे आपटते. तू खवणीवरून न उठता म्हणतेस, "असं तोंड वाकडं करून द्यायचं असेल तर ठेव तुझ्याकडेच. त्याला मिळाल्याचा आनंद नाही आणि तुला ठेवल्याचाही नाही." मी रंगपेटी परत घेतली. धाकटा रडला, त्याला तू लाडू दिलास, अख्खा. मला तेव्हा वाटलं तू माझी बाजू घेतलीस. आता तितकी खात्री नाही.

पण मी हे पत्र ज्यासाठी लिहिते आहे तो दिवस वेगळा. काकांच्या मुलीचं बारसं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पाळण्याभोवती बायकांची गर्दी, घुगऱ्यांचा वास, तू मोरपंखी साडी नेसलेली. काकू पाळण्याची दोरी धरून म्हणते, "वन्सं, काढा आता एखादं झकास नाव!" आणि तू म्हणतेस, "माझ्याकडे एकच होतं. ते देऊन झालं. आता तुम्ही सांगाल ते." काकू ओरडते, "घ्या! वन्संचा स्टॉक संपला!" सगळ्या हसतात, तूही हसतेस. मग तू कोपऱ्यात जाऊन पंप ओढतेस, परत येतेस, वाकून बाळाच्या कानात कुर्र करतेस, काकूने सुचवलेलं नाव सांगतेस, आणि रीतीप्रमाणे सगळ्या तुझ्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. मी मधे घुसून किंचाळले, "तिला दमा आहे, मारू नका!" त्यावर तर हशा थांबेचना. परत येताना बसमध्ये मी तुला विचारलं, "एकच होतं ते कुठलं?" तू म्हणालीस, "हात खिडकीबाहेर काढू नकोस."

घरातली पहिली नात मी. म्हणजे तुझ्या वाट्याला आलेलं पहिलं बारसं माझंच होतं. तेव्हा तुझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. माझं नाव तू ठेवलंस हे आई नेहमी सांगते, "मला दुसरंच हवं होतं, पण तुझ्या आत्याने हट्ट धरला." तू हट्ट धरल्याचं दुसरं एकही उदाहरण कुणाला आठवत नाही. यावरून मी काय अनुमान काढलंय ते तुला कळलं असेल. ते अनुमानच आहे. सांगू शकली असती अशी तू एकटीच होतीस.

माझ्याकडचं नाव आम्ही लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ठरवलं होतं, कालव्याच्या कडेने फिरताना, असंच, पुढे कधीतरी लागेल म्हणून. मुलाचं ठरलंच नाही, त्यावरून भांडण झालं. काल फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "देऊन टाक ना ते. आपण ठेवून काय करणार आहोत?"

"काही नाही. ठेवणार आहे."

"कुठे?"

मी फोन चार्जिंगला लावला. तो म्हणाला, "मला तर आवडेल. कुणीतरी त्या नावाने हाक मारल्यावर कुणीतरी वळून बघेल." मी म्हटलं, "आणि हाक मारणारी ती असेल." मग माझ्या संध्याकाळच्या गोळ्या वाटीत काढून त्याने समोर ठेवल्या. त्याने पुन्हा विषय काढलेला नाही. तो काढणार नाही, हेही मला माहीत आहे, आणि याचा मला राग येतो.

नाव दिलं तर काय होईल ते मी बघू शकते. भावजय ते नाव ओरडून म्हणेल, दूध सांडल्यावर, शाळेची रिक्षा आल्यावर. चिडून म्हणेल, लाडात मोडून त्याचं भलतंच काहीतरी करेल. दिवाळीला, राखीला, प्रत्येक वेळी मला ते तिच्या तोंडून ऐकावं लागेल. नाही दिलं तर दुसरं एखादं शोधून देईन, चांगलं, अर्थासकट, आणि कुणाला काही कळणार नाही. तू मात्र तुझं मला दिलं असशील तर तीस वर्षं माझ्या आईच्या तोंडून तू तुझं नाव ऐकलंस असं होतं. बरोबर मोजलं तर तीस नाही, तू तितकी राहिली नाहीस. पण मी आठवून बघते आहे, आणि मला हाक मारताना तुझं तोंड एकदाही वाकडं झालेलं आठवत नाही. एक तर माझं अनुमान चुकलंय, किंवा तुला असं काहीतरी माहीत होतं जे मला माहीत नाही.

हे पत्र जाणार कुठेच नाही. माझ्या टेबलाच्या खणात, तपासून झालेल्या काट्यांवर चिकटवायच्या पट्ट्यांखाली राहील. पण आणखी एक गोष्ट वर क्रमाने लिहिताना मी गाळली होती. हॉस्पिटलात भावजयीच्या आई चहा आणायला गेल्या, धाकटा औषधं आणायला, आणि भावजयीला डोळा लागला. खोलीत मी आणि ती पाळण्यातली, दोघीच जाग्या होतो. मी हात मागे बांधून वाकले आणि तिच्या कानाशी ते नाव एकदा म्हणून बघितलं. कसं ऐकू येतं एवढंच बघायचं होतं. माझा आवाज कोरडा निघाला नाही. तिला उचकी लागली. मग पावलं वाजली आणि मी सरळ उभी राहिले.

तेव्हा मला दोन गोष्टी कळव. माझं नाव तुझं होतं का? आणि असेल, तर ते दुसरीच्या लेकीला मारलेल्या हाकेत ऐकणं किती वर्षांनी सोपं झालं, की झालंच नाही? बारसं रविवारी सकाळी आहे. उत्तर शनिवारी संध्याकाळपर्यंत यावं.