कानावरचं जानवं

शेवगाव, ता. ८ डिसेंबर १९४६

प्रिय सुमंत,

अनेक आशीर्वाद. मुंबईहून तू धाडलेलं इनॅमलचं भांडं पोचलं. आपल्या वडिलांच्या अंथरुणाजवळ लघवीसाठी ठेवायचं ते भांडं, आणि नानांनी सकाळी त्यात जास्वंदीची फुलं भरून ते थेट देवळात नेलं! माझ्या सुमंताने पूजेला नवी परडी पाठवली म्हणून गावभर सांगत सुटले. खोटं कशाला बोलू, मला हसू आलं नाही. त्यांची धोतरं रोज मी धुतो, त्याची वार्ता देवळात कोणाला नाही.

विसर फार वाढलाय. परसाकडे जायचं त्यांना उमगत नाही. कधी तुळशीपाशीच बसतात, कधी बसल्या जागी होतं, मग ओशाळून मलाच शिव्या घालतात. आपण रागावलो की आणखी बिघडतं, म्हणून मी जीभ आवरतो. एकदा ते नुसतेच चुळबुळत होते, तेव्हा सहज त्यांचं जानवं उचलून मी उजव्या कानावर अडकवलं. काय सांगू तुला! तसेच उठले, तांब्या घेतला आणि मुकाट परसात चालू लागले. सगळं पुसलं गेलं, पण परसाकडे जाताना जानवं कानावर घ्यायचं हे मुंजीत लागलेलं वळण शाबूत आहे. आता जेवण झालं की, झोपून उठले की, मी तेवढंच करतो. धोतरं बहुधा कोरडी राहतात.

पण जानव्याला हात लावू देतात तो तुला. आलास का सुमंता, असं म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवतात. उभ्या जन्मात तो हात माझ्या पाठीवर फिरला नव्हता रे. एकदा न राहवून म्हणालो, नाना, मी यज्ञेश्वर. त्यांनी जानवं हिसकावून घेतलं आणि तिथेच सगळं झालं. तेव्हापासून मी सुमंतच आहे. त्यात भर म्हणून आपल्याकडे दूध घालणारी कडूबाई म्हणते, धाकलं लई गुनाचं हाय, बाबा सारखं त्याचंच नाव घेत्यात! जळतो मी तुझ्यावर, अगदी पोटातून जळतो.

संक्रांतीला येतोस असं लिहिलंस. ये, तुझी वहिनी वाट पाहते आहे. पण एवढं ऐक, नानांसमोर स्वतःचं नाव घेऊ नकोस. त्यांनी विचारलंच तर सांग, मी यज्ञेश्वर. चार दिवस माझ्या नावाने त्यांच्यापुढे उभा राहून बघ. माझ्या पाठीवरचा तो हात मी आता तुला परत देणार नाही.

तुझाच थोरला,
यज्ञेश्वर