लामाच्या घराचं दार

अण्णा, निमगावात आपल्या दाराशेजारी आता ग्रामपंचायतीची पाटी लागणार आहे. आपलं आणि शेजारची चार, अशी ही पाच घरं गावातली सगळ्यात जुनी दगडी घरं ठरलीत. लांबून माणसं येतात, फोटो काढतात, इतिहास विचारतात. पाचही घरांतले पुरुष पहिल्या महायुद्धात लामावर, म्हणजे लढाईवर गेले होते, तिकडं इराकात बसऱ्याला, म्हणून गाव अजून त्यांना लामाचीच घरं म्हणतं. पाट्यांचा मजकूर लिहायचं काम सरपंचबाईंनी माझ्या गळ्यात घातलं. म्हणाल्या, ताई, तुम्ही घोडेगावच्या कचेरीत जन्म काढला, चार ओळी तुम्हाला काय जड? चार घरांचं एका बैठकीत उरकलं. आपल्या घरापाशी मात्र चार दिवस अडून बसले, आणि त्याला कारण तुम्ही.

आपलं दार. बाकीच्या घरांत डोक्यावर ओझं असलं की वाकून शिरावं लागतं, आणि आपल्या दारातून डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली बाई सरळ आत येते. तुम्ही शाळेत, लग्नाकार्यात, पाहुण्यारावळ्यांत सांगायचात, की माझे आजोबा साडेसहा फूट, गोऱ्या साहेबाला त्यांच्यासाठी वेगळा गणवेश शिवून घ्यावा लागला, त्यांच्याच मापाचं हे दार. मी चौथीत जाणार होते. त्या उन्हाळ्यात आत्याकडं वारूळवाडीला गेले, तर ती भाकरी थापता थापता हसून म्हणाली, कसले साडेसहा फूट, म्हातारा माझ्या खांद्याला लागायचा. झालं. पंधरा ऑगस्टला भाषणाला उभी राहिले आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझे पणजोबा लामावर गेले होते आणि ते बुटके होते. अख्खी शाळा हसतेय, पाहुणे हसतायत, आणि तुम्ही, माझेच वडील आणि माझेच गुरुजी, झेंड्याच्या खांबाकडं बघताय. घरी आल्यावर मारलं नाहीत. जेवताना एवढंच म्हणालात, "घरातलं हसं वेशीवर टांगू नये, बाई." पुढं मी तो विषय कधी काढला नाही. राग मात्र मनात राहिला. खोटं तुम्ही सांगायचं आणि मान खाली मी घालायची, हा कुठला न्याय?

आता पाटीवर काय लिहू? धाकटा भाऊ म्हणाला, ताई, अण्णांनी जन्मभर जे सांगितलं ते तू पाटी लावून खोटं पाडणार? त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, ते उत्तर द्यायला यायचे नाहीत. त्याचंही बरोबरच होतं. पण कचेरीत पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जांतल्या खोट्यावर लाल रेघ मारली. मग घरचं खोटं रंगवून दाराशी कसं लावू? शेवटी उठले आणि वारूळवाडी गाठली. आत्या आता पंचाऐंशीची आहे. कान गेलेत, जीभ शाबूत आहे.

तिनं सगळं सांगितलं. घरं पुरुषांनी बांधलीच नव्हती. ते तिकडं लढत होते, आणि इकडं त्यांच्या बायकांनी एकमेकींच्या घरांचे दगड वाहिले, चुना मळला. रीत अशी, की घरधन्याच्या उंचीवर एक वीत सोडून चौकट करायची. घरधनी नाही, तर सुतारानं प्रत्येकीला विचारलं, कारभारी केवढे? चौघींनी हातानं दाखवलं. आमची पणजी तेव्हा असेल सोळाची. लग्न झालं ते अकराव्या वर्षी, वर्षाच्या आत नवरा पलटणीत भरती झाला. सासू-सासऱ्यांपुढं नवऱ्याकडं मान वर करून बघायची चाल नव्हती. तिनं त्याला पाहिलेलं ते लहानपणी, पदराआडून, खालून वर. तिनं हात उंच केला, तो पुरेना, मग उखळावर चढून दाखवलं. सुतार हसला. ती म्हणे हटून बसली, एवढेच हायेत, करा तुमी.

युद्ध संपलं आणि तो आला. तापानं वाळलेला, हातात पत्र्याची पेटी. दारात उभा राहिला तर डोक्यावर हातभर जागा मोकळी. आळी पोट धरधरून हसली. पणजी चुलीपुढनं बाहेर येईना. भावकी म्हणाली, चौकट काढ, कमी करून घे, जन्मभर लोक हसतील. त्यावर तो जे बोलला ते आत्यानं मला दोनदा सांगितलं.

"तिनं एवढा धरला व्हता मला. ऱ्हाऊ द्या."

अण्णा, मी आत्याच्या ओट्यावर बसून रडले. इतकं गोड आपल्या घरात घडलं आणि तुम्ही त्यावर साडेसहा फूट रचून बसलात. मी विचारलं, अण्णांना हे माहीत होतं? आत्या म्हणाली, "ठावं व्हतं की. पर आज्याला कुनी हसलेलं त्याला लई लागायचं." मग माझा राग कुठं गेला कोण जाणे. भाषणानंतर तुम्ही खांबाकडं का बघत होतात, ते मला साठी उलटल्यावर कळलं.

मजकूर लिहून झाला. हे घर पती लामावर असताना त्यांच्या पत्नीने बांधले, दाराची उंची तिने सांगितली, असं सरळ लिहिलंय. धाकट्यानं वाचलं आणि म्हणाला, ऱ्हाऊ दे असंच. बाकीच्या घरच्या सुनाही आता आमच्या पाटीवर बायांची नावं घाला म्हणून मागं लागल्यात. त्यांना नावं सापडली. आपल्याला नाही. जमीन थोरल्या दिराच्या नावावर, त्यामुळं सातबाऱ्यावर ती नाही. आत्या म्हणते, आमी तिला आईच म्हनायचो. पेंटरनं एका नावापुरती जागा मोकळी सोडलीय. गुरुवारी भाच्याला घेऊन नाशिकला जाते. तिथल्या उपाध्यांच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात, बायकांचीसुद्धा. मिळेल, मला वाटतं मिळेलच.

पत्र घडी करून इथंच ठेवते, कुठं पाठवणार? पण एक कबूल करते. मी सहा वर्षांची होईपर्यंत पणजी होती. मी तिच्या मांडीवर जेवलेय, तिच्या कुशीत निजलेय. तुम्ही निदान तिच्या दाराची गोष्ट तरी सांगत राहिलात, खोटी का होईना. मी तुम्हाला तिचं नाव कधी विचारलंसुद्धा नाही.