वारा न सोसणारे जीव

तोंडवली,
१२ मार्च १९६४

प्रिय आई,

तू वालावलला गेलीस त्याला आज तीस दिवस झाले. नर्मदामावशीचे गुडघे दुखतात, चार दिवस राहून येते, असं म्हणाली होतीस. परवा मावशीकडचा माणूस नारळ घेऊन आला. मावशी रोज देवळापर्यंत चालत जाते, असं त्याच्याकडून कळलं. तेव्हा गुडघे बरे असावेत. तू परत का येत नाहीस ते मला माहीत आहे, आणि तू परत यावंस म्हणूनच हे लिहायला बसले आहे. तुझा चष्मा इथेच राहिला, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. सावकाश वाच. मावशीकडून वाचून घेऊ नकोस.

आधी बातमी. काल कारखान्यामागच्या टाकीतला वायू एकदाचा पेटला. रत्नागिरीचे साहेब सांगितल्याप्रमाणे बरोबर महिन्यानं आले. कोळंबी धुतलेलं काळं पाणी खाडीत सोडणं थांबलं नाही तर कारखान्याला टाळं, हे त्यांचं म्हणणं कायम होतं. रापणवाले चौघे जण खाडीत मेलेल्या माशांची तक्रार घेऊन पुन्हा हजर होते. कोळंबी सोलणाऱ्या चाळीसही जणी हातातलं काम टाकून भिंतीपाशी उभ्या. मी तोटी उघडली आणि काडी लावली. भर अकराचं ऊन होतं, आणि या वायूची ज्योत निळी असते. उन्हात दिसत नाही. साहेबांना वाटलं, मागच्या महिन्यासारखंच झालं, पेटलंच नाही. ते फाइल हातात घेऊन खाली वाकले आणि फाइलीचा कोपरा पेटला. बॉयलरवरच्या कुस्तोदियोनं ती त्यांच्या हातातून ओढून पायाखाली विझवली आणि म्हणाला, “सायबानू, आता तरी दिसला मा?” साहेब हसले. सोलणाऱ्यांतल्या फ्रान्सिस्कानं लगेच किटली चढवली. चहा सगळ्यांना मिळाला, रापणवाल्यांनाही. फ्रान्सिस्का मात्र एक घोट घेऊन तुझ्या आठवणीनं म्हणाली, “सुशीला येयसर ह्या चायेक चव नाय.” मी चाखून पाहिला. साखर थोडी कमी होती, बाकी चहा ठीक होता.

कारखाना चालू राहणार. टाकीतून बाहेर पडणारं पाणी आता फिकं असतं, ते आपण माडांना सोडतो. वायूवर कोळंबी उकडायच्या तीन चुलींपैकी एक चालते. साहेबांनी तसं लेखी दिलं आहे.

आता जे वर्षभरात तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. मी मुंबईहून शिकून आले आणि कारखान्यामागे ही टाकी बांधून घेतली, तेव्हा तू विचारलं होतंस, हिच्यात काय असतं. मी म्हटलं होतं, तुला नाही कळायचं, हात तेवढा लावू नकोस. माझं उत्तर एवढंच होतं. खरं तर कळायला अवघड काही नाही. टाकीत जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे. त्यांची दोन घराणी समज. पहिलं घराणं कोळंबीच्या पाण्यातला मांसाचा, सालींचा अंश खातं आणि त्याचं आंबट करून ठेवतं. ते दांडगं आहे, काहीही खातं, लवकर वाढतं. दुसरं घराणं ते आंबट खातं आणि त्यातून जळणारा वायू सोडतं. त्याला मिथेन म्हणतात. हे दुसरे जीव फार हळू वाढतात आणि त्यांना वारा सोसत नाही. म्हणून वर ते लोखंडी झाकण, पाण्यात पालथं तरंगणारं. वायू साठला की झाकण वर येतं. पहिल्यांनी भराभर आंबवलं आणि दुसऱ्यांना ते खाऊन संपवता आलं नाही, तर सगळी टाकी आंबून बसते आणि वायू बंद होतो. दुसऱ्यांना जपणं, एवढंच माझं काम. कुस्तोदियो रोज सकाळी विचारतो, “काय गो बाय, तुझी पोरां जेवली मा?” त्यालाही मी कधी नीट उत्तर दिलेलं नाही.

दहा फेब्रुवारीला, साहेबांच्या पहिल्या पाहणीच्या दिवशी, झाकण तळाला बसलं होतं. मी तीन काड्या ओढल्या. तिसरी बोटांपर्यंत जळत आली. तू दाराशी उभी होतीस. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मी दोन दिवस झाकणाचे सांधे तपासत होते, साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत होते. गळती नव्हती. मग टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन हुंगलं, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फिनेलचा वास आला. कारखान्यात फिनेल एकाच कामाला लागतं, फरशी धुवायला, आणि फरशी तू धुतेस. मग मला आठवलं, पाहणीच्या पाच दिवस आधी जेवताना तू म्हणाली होतीस, “आनंदी, वास कमी झालो मा गो?” तुझा चेहरा खुशीत होता. मी ताटातून वर न बघता हूं म्हटलं होतं.

मोठी माणसं येणार म्हटलं की आपल्याकडे मोरी घासतात, परसात फिनेल शिंपडतात. लेकीच्या टाकीपाशी साहेबांनी नाकाला रुमाल लावू नये, एवढंच तुझ्या मनात होतं. फिनेल जंतू मारतं हे तुला माहीत होतं. टाकी जंतूंवरच चालते हे माहीत नव्हतं, कारण ते फक्त मला माहीत होतं.

टाकी तीन हिस्से उपसली. गोठ्यातलं शेण आणि खाडीच्या तिवरांखालचा काळा चिखल कालवून नवं विरजण घातलं. चिखल आणायला फ्रान्सिस्का आणि आणखी सहा जणी कंबरभर गाळात उतरल्या. कशाला लागतो ते त्यांनी विचारलं, तेव्हा काठावर बसून सगळं सांगितलं, दोन्ही घराण्यांसकट. त्यांना पहिल्या खेपेलाच कळलं. एकीनं विचारलं, दुसरं घराणं म्हणजे माझी सासू काय, काय पण सोसणा नाय तिका. सहा मार्चला झाकण चार बोटं वर आलं. तेव्हा मी कुणाला न सांगता घरी गेले. तू असतीस तर तुला सांगितलं असतं, असं वाटलं; मग वाटलं, बहुतेक नसतं सांगितलं.

साहेबांना काल अहवाल दिला. पहिल्या अपयशाच्या कारणापुढे मी लिहिलं आहे: ‘जंतुनाशक टाकीत गेले. टाकीचे काम कसे चालते हे कामगारांना समजावून दिलेले नव्हते. जबाबदारी माझी.’ यात दयेपोटी घातलेला एकही शब्द नाही. आणखी एक गोष्ट मला तुझ्याशिवाय जमत नाही. कोळंबीच्या टोपल्या उतरताना नुसतं बघून तू सांगतेस, आज पाणी जड येणार की हलकं. मला ते तपासून कळायला पाच दिवस लागतात, तोवर टाकीला अजीर्ण होतं. रोज किती पाणी आत सोडायचं ते यापुढे तू सांगायचंस. रविवारी दुपारच्या एस.टी.नं ये, मी मालवणला स्टँडवर असेन. घरापर्यंतच्या वाटेत तू फिनेलचं काही बोलायचं नाहीस. बोलायचं मला आहे, आणि ते सगळं या पत्रात लिहिता आलेलं नाही.

तुझीच,
आनंदी