देवाच्या खांद्यावरच्या कळ्या

मिठबाव,
शनिवार, दुपार

ती. सौ. सुगंधाअक्कास,

परशुरामाचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, भावजींचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल आणि डोंबिवलीच्या खिडकीत लावलेल्या अळूला तुझ्या धाकाने का होईना पानं फुटत असतील, अशी आशा आहे. इकडे सगळं क्षेम. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू ‘बोल’ म्हणतेस आणि मग स्वतःच बोलतेस. पत्राला मध्ये तोडता येत नाही. अक्षर सुवाच्य आहे म्हणून दचकू नकोस. इतकी वर्षं चेंडू अडवून माझी बोटं आता पेन धरत नाहीत (चहाचा कप छान धरतात), तेव्हा लिहायला एक माणूस बसवला आहे. मी सांगतो, तो माणूस लिहितो.

तर अक्का, या महिनाअखेर मी कॉलेजातून निवृत्त होतो. बत्तीस वर्षं बेसबॉल शिकवला. ज्याच्या नावावरून बाबांनी माझं नाव ठेवलं, त्याने एका बाणात समुद्र मागे हटवला. माझ्या पोरांचा चेंडू अजून दोन टप्पे घेऊन सेकंड बेसला पोचतो. पण त्याचं मला दुःख नाही. दुःख वेगळंच आहे. प्राचार्यांनी गेल्या आठवड्यात बोलावून शुद्ध मराठीत सांगितलं की माझ्या जागी कोणी मिळालं नाही तर जूनपासून हा खेळ बंद, आणि सड्यावरच्या मैदानात पर्यटकांच्या गाड्या लावायची सोय करायची. मी ‘बरं’ म्हणून बाहेर आलो (बाहेर येऊन कोच दुसऱ्याच माणसाची स्कूटर सुरू करत बसले होते). तेव्हापासून डोळ्यांपुढे एकच दिसतं, पोरं बॅट घेऊन उभी राहतात त्या माझ्या होम प्लेटवर कुणाची तरी पांढरी गाडी उभी आहे आणि तिच्या सावलीत कुत्रा झोपला आहे.

तुला ते मैदान आठवत असेल. आपण गुरं चारायला जायचो तोच सडा. खाली कातळ, वर कातळाच्याच रंगाचं गवत, पश्चिमेला समुद्र. बेसबॉलमध्ये बेसवर घसरत जायचं असतं, असं पुस्तकात दिलं आहे. जांभ्यावर घसरलं तर माणूस बेसपर्यंत पोचतो, कातडं मागे राहतं. म्हणून आमचा नियम असा की बेसच्या अलीकडे चालत जायचं आणि बाद व्हायचं. बाहेरगावचे संघ याला शिस्त समजतात. दुपारनंतर खारा वारा सुटला की उंच मारलेला चेंडू समुद्राकडे जाता जाता थांबतो, जरा विचार करतो आणि परत येतो. त्या वेळात खाली उभ्या पोराने काय करायचं? आमचा दत्तप्रसाद लांबच्या कोपऱ्यात उभा राहून आत येणाऱ्या होड्या बघायचा आणि कुठली कुणाची ते ओरडून सांगायचा. चेंडू त्याच्या मागे पडायचा. मी त्याला कधी रागावलो नाही (रागावणार कसा, कोच स्वतः आंब्याखाली खोक्यावर बसून होड्याच बघत होते). खरं सांगू, मला या खेळातलं हेच आवडलं. बराच वेळ काही घडत नाही. सगळे आपापल्या जागी उभे असतात, वारा असतो, आणि आता काहीतरी होईल असं वाटत राहतं. माझं निम्मं आयुष्य त्या वाटण्यात गेलं आणि फार सुखात गेलं.

आम्ही इतके हरलो कसे, याचा शोध मात्र यंदा लागला. कुठलंही काम असो, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आपल्याकडे पाऊल उचलत नाहीत, तसं सामन्याआधीही घालतो. हे काम बाबलीचं. हा बाबली आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता, आता दुकान चालवतो, पण गाऱ्हाण्याला हजर. नारळ ठेवून तो म्हणतो, “बा देवा म्हाराजा, लांबसून आयलेल्या पावण्यांका हसत-खेळत घराक पोचव रे म्हाराजा.” सगळी पोरं ‘होय म्हाराजा’ म्हणतात, पंच टोपी काढतो, आणि देव दिलेला शब्द पाळतो. पाहुणे हसत-खेळत घरी जातात. आम्ही जिंकावं असं इतक्या वर्षांत एकदाही कुणी मागितलंच नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी बाबलीला सांगितलं की यंदा शब्द जरा बदल. तो नारळ हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला, समोर वेंगुर्ल्याची पोरं घामाघूम होऊन उभी होती, आणि शेवटी जुनंच गाऱ्हाणं म्हणाला. पाहुण्यांच्या तोंडावर त्यांचं वाईट कसं मागायचं, असं त्याचं म्हणणं. मलाही पटलं. आम्ही हरलो (कोच टाळ्या वाजवत होते, दोन्ही बाजूंना).

आता मुद्द्यावर येतो. मैदान वाचवायचं तर माणूस हवा. मला एकच माणूस दिसतो आणि त्याचं नाव घेतलं की तू फोन ठेवतेस. तुझी दीपिका. दर मे महिन्यात आजोळी यायची आणि मैदानातून हलायची नाही. तिचा पुढचा दात पडला तेव्हा तू अंगणात उभी राहून म्हणालीस, “ह्या खेळान माझ्या चेडवाचो दात पाडल्यान.” ते मी विसरलेलो नाही. पण अक्का, दात पडला तरी तिने चेंडू सोडला नव्हता. पुढे तिने हट्टाने बी.पी.एड. केलं आणि तुझ्या शब्दाखातर पुण्यात कंप्युटरसमोर जाऊन बसली. पगार बरा आहे, खुर्ची फिरती आहे. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही (मीही म्हणत नाही). मी फक्त देवाला विचारलं.

मंगळवारी देवळात गेलो आणि गणपत गुरवाला कौल लावायला सांगितला: भाचीने येऊन संघ सांभाळावा का? त्याने देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही, हे तुला काय सांगायचं. तू तर कौल घेतल्याशिवाय घराला रंगसुद्धा काढला नाहीस. आम्ही बसलो. घंटेवर एक चिमणी येऊन बसली, गेली. माझा डोळा लागला आणि स्वप्नात मी मैदानावर होतो, चेंडू वर गेला होता आणि खाली येत नव्हता, आणि सगळे जण, तूसुद्धा, परकरात, मान वर करून उभे होते. जागा झालो तरी कळ्या जिथल्या तिथे. बुधवारी तेच, आजही तेच. गुरव देवाला आंघोळ घालत नाही, कारण कळ्या ओघळतील. त्यामुळे गावातले सगळे कौल अडकले आहेत. दत्तारामाची विहीर आणि संचिताचं लग्न माझ्यामुळे लांबलं, असं लोक उघड बोलतात. शेवटी मी गणपतला विचारलं, याचा अर्थ काय? तो शांतपणे म्हणाला, “देव थांबलो हा. आवशीक इचारल्याशिवाय चेडवाचा ठरयतास कशाक?”

म्हणून तिच्या आईला, तुला, विचारायला हे पत्र. मला संघ जिंकायला नको आहे. मी नसताना दुपारी त्या सड्यावर चार पोरं उभी असावीत, एवढंच हवं आहे. ते नसलं तर मला फार रिकामं वाटेल. भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
परशुराम

ता. क. – दीपिकाला यातलं काही माहीत नाही. तिला उगाच फोन करून विचारू नकोस.

ता. ता. क. – वरची ओळ लिहायला लिहिणाऱ्या माणसाने नकार दिला होता, मी दटावून लिहून घेतली. तू तर अक्षर पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. दीपिका सोमवारी रात्रीच्या गाडीने आली. ऑफिसचं प्रशिक्षण कोल्हापूरला आहे, हे तिने तुला सांगितलेलं खरं नाही. आणि कंसात जे काही आहे ते मी सांगितलेलं नाही. मला आत्ता वाचून दाखवल्यावर कळलं.

(आई, आता मीच लिहिते. मामा आंब्याखाली झोपला. नोकरी सोडलेली नाही, सुट्टी घेतली आहे. तू नको म्हणालीस तर लगेच पुण्याला परत जाईन, आणि रुसणार नाही. पण एक विचारायचं आहे. मामा नव्या पोरांना पहिल्या दिवशी एक फेक शिकवतो, खांदा मागे टाकून, खालून वर. तिला मैदानावर सगळे ‘सुगंधा’ म्हणतात. मी इतकी वर्षं समजत होते की कुठल्या तरी पुस्तकातलं नाव असेल. काल बाबलीने सांगितलं की सड्याच्या कडेचा तो आंबा तू याच फेकीने दगड मारून उतरवायचीस, आणि मामाला ती तूच शिकवलीस. तू मला कधी सांगितलं नाहीस. पत्राचं उत्तर नको. तू ये. गुरवकाकांना मी थांबायला सांगितलं आहे.)