प्लॅटिनम भाच्याची कृपा

मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. या मुहूर्तावर, तुझ्या नावाने, आम्हां दोघी बहिणींवर एका आलिशान हॉटेलात भर दिवसा उपकार करण्यात आला. त्याबद्दलची ही तक्रार.

आता मायना. चिरंजीव भाचेसाहेब, प्लॅटिनम सभासद, यांस मावशीचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत ठीक असेल असं धरून चालते. पाठ कशी आहे, जेवण वेळेवर होतं का, असं विचारलं की तू 'सगळं मस्त' एवढंच कळवतोस, तेव्हा ती जागा कोरी सोडली आहे, तूच भर. माझा रक्तदाब आटोक्यात आहे. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे, आणि तो तसाच आहे हे ती दिवसातून बऱ्याचदा जाहीर करते.

आधी कौतुक, मग तक्रार, असं आम्हांला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं (नन्स हातावर पट्टी मारण्यापूर्वीसुद्धा आमच्या अक्षराची तारीफ करायच्या). तेव्हा आधी तुझं कौतुक. महिनाअखेर तू आईला कायमची तुझ्याकडे न्यायला येणार, तिचं बिऱ्हाड मोडणार. त्याआधी दोघी बहिणींनी चार दिवस निवांत एकत्र घालवावेत, बोलून घ्यावं, हे तुला सुचलं. मला स्वतःचं मूल नाही, त्यामुळे इतरांच्या मुलांच्या चुका काढायला मला आयुष्यभर भरपूर वेळ मिळाला. तरी तुझी ही कल्पना बिनचूक होती. मी सांगितलं तशीच खोली तू ठरवलीस: दोन वेगळे पलंग, खालचा मजला, लिफ्टजवळ, आणि गरम-गार असे दोन वेगळे नळ. इथपर्यंत तुझ्याविरुद्ध माझं एक अक्षर नाही.

पुढे तू फोनवर सल्ला दिलास. 'मावशी, काउंटरवर काही मागायचं नाही. नाव सांगायचं, किंचित हसायचं आणि गप्प उभं राहायचं. बाकीचं माझा नंबर बघून घेईल.' तुझा हेतू चांगला होता, पण तू हे कोणाला सांगतो आहेस याचा विचार केला नाहीस. मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. चष्म्यावरून बघत गप्प उभं राहणं हेच माझं हत्यार होतं. त्यापुढे मुलींनी न केलेले गुन्हेसुद्धा कबूल केले आहेत.

काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती (तिच्या कोटावर नावाची पट्टी होती, पण नाव लिहून तिची नोकरी धोक्यात घालणार नाही). मी तुझं नाव सांगितलं आणि गप्प उभी राहिले. हसायचं राहून गेलं, कारण प्रवासात माझी कवळी सैल झाली होती. मुलीने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने काहीतरी टाइप केलं. म्हणाली, मॅडम, तुम्हांला जरा वरची खोली देते. मी आश्चर्याने गप्प. तिने पुन्हा काहीतरी टाइप केलं. म्हणाली, स्वीट देते, दोन बेडरूम आणि दिवाणखाना. तुझ्या आईने मला कोपराने ढोसलं, अगं, बोल काहीतरी. मी तोंड उघडेपर्यंत मॅनेजर स्वतः बाहेर येऊन आमच्यापुढे वाकला होता.

त्या मुलीनेच लिफ्टमध्ये मला तुझी ती योजना समजावून सांगितली. लॉयल्टी प्रोग्रॅम, म्हणजे निष्ठेचा कार्यक्रम. आमच्या पिढीने नवऱ्याशी, नोकरीशी आणि एकाच शिंप्याशी जन्मभर निष्ठा ठेवली, पण त्यांतल्या कोणीही आम्हांला वरच्या मजल्यावर नेलं नाही (शिंप्याने तर कपडेही कधी वेळेवर दिले नाहीत). निष्ठेचं फळ हातोहात देणारं ठिकाण तू शोधून काढलंस, याबद्दल तुझ्या हुशारीला माझी दाद आहे.

पण स्वीट. दारापासून बेडरूमपर्यंत जाताना तुझ्या आईला वाटेत एकदा टेकावं लागलं, आणि ती टेकली सोफ्यावर. तो सोफा नव्हता रे, दलदल होती. ती जी आत गेली ती गेलीच. सामान आणणाऱ्या दोघांनी तिला एक, दोन, तीन म्हणत उचललं, आणि वर आल्यावर ती म्हणाली, 'थांबा, चष्मा आतच राहिला.' न्हाणीघराला भिंत नव्हती, काच होती. आम्हांला नन्सनी आरशासमोर रेंगाळू नका असं शिकवलेलं, आणि इथे टब चक्क खिडकीत. दिव्याचं म्हणून जे बटण दाबलं त्याने पडदे उघडले. पुन्हा दाबलं तर टीव्ही लागला आणि त्यावर तुझं नाव, पुढे सुस्वागतम्. तुझ्या आईने टीव्हीला हात जोडले. त्या संपूर्ण स्वीटमध्ये तिला आवडलेली ही एकच गोष्ट.

सगळ्यांत वाईट म्हणजे त्या दोन बेडरूम. तिची एका टोकाला, माझी दुसऱ्या, आणि मधे एक छोटंसं लग्न लागेल एवढा दिवाणखाना. लहानपणी आम्ही एका गादीवर लाथाळ्या करत झोपलेल्या बहिणी. आता हिचं बिऱ्हाड हलणार म्हणून चार दिवस बोलायला आलो, तर 'जागी आहेस का' एवढं विचारायला फोन करायची पाळी. तो तिने दुपारी केलाही. पलीकडून एक पुरुष अदबीने म्हणाला, जागाच आहे मॅडम, काय सेवा करू? ती घाबरून 'झोपा, झोपा' म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मी खाली गेले. या वेळी ठरवलं, गप्प राहायचं नाही, स्पष्ट बोलायचं. पण माझी सवय तुला माहीत आहे. आधी कौतुक केलं. चादरींचं केलं, त्या मुलीच्या नम्रतेचं केलं, कुंडीतल्या फुलांचं केलं (ती खरी होती, मी नखाने पाहिलं). मॅनेजरचा चेहरा फुलत गेला. शेवटी म्हटलं, फक्त एकच तक्रार आहे, आणि खोकला आला. खोकला थांबेपर्यंत निर्णय झाला होता. प्लॅटिनम सभासदाच्या माणसांची तक्रार ही तिथे आगीच्या घंटेसारखी असते. ती काय आहे हे ऐकत बसत नाहीत, आधी माणसं हलवतात. आम्हांला हलवलं ते हॉटेलातल्या सगळ्यांत मोठ्या स्वीटमध्ये.

त्याचं वर्णन करत नाही, पत्राला वजनाप्रमाणे तिकीट लागतं. पियानो होता, एवढं सांगते. आणि बटलर होता. पांढरे हातमोजे, उंच, देखणा, आणि असा शांत की मी त्याला लगेच मुलींच्या वसतिगृहावर नेमलं असतं. त्याने आमच्या बॅगा उघडून सामान लावलं. तुझ्या आईचं गुडघ्याचं तेल त्याने चांदीच्या तबकात, घडी केलेल्या रुमालावर ठेवलं, शेजारी एक फूल. माणूस आपल्या कामात इतका चोख असला की राग धरणं अवघड जातं. मी धरला, पण अवघड गेलं.

मॅनेजर चौकशीला वर आले तेव्हा मी एका दमात, कौतुक न करता सांगून टाकलं की आम्हांला आधी ठरवलेली, दोन पलंगांची खोलीच हवी. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, मॅडम, आमच्या कॉम्प्युटरला वर न्यायचं ठाऊक आहे, खाली आणायचं नाही. प्लॅटिनम सभासदाच्या मातोश्रींना साध्या खोलीत टाकलं तर मुख्य कचेरी माझ्याकडून कारण मागेल. साहेब आमचे फार जुने. आणि मग त्यांनी तुझं गुणगान सुरू केलं. साहेबांना एकच उशी लागते, टणक. खोली लिफ्टपासून लांब. सकाळी चहा, बिनसाखरेचा.

'साखर कधी सोडली त्याने?' तुझ्या आईने विचारलं.

दोन वर्षं झाली असतील, असं ते म्हणाले. तुझ्या आईने गेल्याच महिन्यात तुला गोडाचा डबा पाठवला होता. मॅनेजरना चेव आला. मॅडम, हे कार्ड नुसते पैसे टाकून मिळत नाही, यात रात्री मोजतात. वर्षातल्या निम्म्याहून जास्त रात्री साहेब आमच्याच कुठल्या ना कुठल्या हॉटेलात असतात. हे त्यांनी अशा अभिमानाने सांगितलं, जणू मुलगा बोर्डात आला आहे, आणि त्यांचाच आहे. तुझ्या आईची मानही आधी ताठ झाली. मग तिने हळूच काठी दुसऱ्या हातात घेतली.

'म्हणजे मी त्याच्या घरी राहायला गेले,' ती म्हणाली, 'की तो तुमच्या घरी राहणार.'

'आम्ही त्यांची उत्तम काळजी घेऊ, मॅडम.'

'घेताय. दिसतंय ते.'

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हे लक्षात घे. टोमणा माझं खातं आहे. तिने त्या माणसाचे मनापासून आभार मानले आणि काठी टेकत आत निघून गेली. मी आणि मॅनेजर पियानोकडे बघत राहिलो.

ती बराच वेळ परत आली नाही तेव्हा शोधाशोध झाली. मी, मॅनेजर आणि बटलर, तिघं दारं उघडत फिरलो. एका दारामागे नुसत्या चपला ठेवायची खोली होती (माझ्या पहिल्या घराहून मोठी). शेवटी पार मागच्या बाजूला ती सापडली. बड्या पाहुण्यांबरोबर त्यांचे पहारेकरी येतात, त्यांच्यासाठी ठेवलेली ती खोली. दोन अरुंद पलंग, मधे एक मेज, दोरी ओढून लावायचा दिवा, कोपऱ्यात गरम आणि गार, दोन वेगळे नळ. खिडकीखाली स्वयंपाकघराचं मागचं अंगण, तिथे आचारी बटाटे सोलत एकमेकांच्या बायकांबद्दल तक्रारी करत होते. तुझी आई चपला काढून पलंगावर बसली होती. म्हणाली, 'इथून सगळं ऐकू येतं.' मी दुसऱ्या पलंगावर बसले. कागदोपत्री आम्ही सर्वोच्च स्वीटमध्येच होतो, त्यामुळे मुख्य कचेरीलाही काही म्हणता येईना. मॅनेजरना इतकं हायसं वाटलं की त्यांनी जाताना फळं पाठवली.

पुढचे दिवस आम्ही त्या खोलीबाहेर फारशा पडलोच नाही. बटलर चहा आणायचा. आत तिसऱ्या माणसाला जागा नव्हती, म्हणून तो उंबऱ्याबाहेर उभा राहून, कमरेत वाकून, तेच चांदीचं तबक लांबवर धरायचा आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायचा नाही. तिथल्या टीव्हीवरही तुझं नाव होतं, त्याचा फोटो त्याच्याकडून काढून घेतलाय तुझ्या आईने. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. म्हणते, माझ्या मुलाला तिथे सगळे ओळखतात. खरंच ओळखतात. एवढ्या रात्री परक्या उशीवर काढून तू हे नाव मिळवलंस, त्यात आळस नाही की फसवणूक नाही, हे मी तिला सांगितलं आणि तुलाही लिहिते. तुझ्यासारखा कष्टाळू मुलगा आमच्या घराण्यात झाला नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी चहा घेताना तिने विचारलं, 'तुझ्याकडची मागची खोली रिकामीच असते ना?'

मी म्हटलं, ट्रंका आहेत तिच्यात.

'ट्रंकांना काय, जिन्याखालीही झोप लागते.'

मी तिला बजावलं की ताई, माझा स्वभाव तापट आहे, मी नऊला दिवे घालवते आणि जेवताना बडबड चालवून घेत नाही. ती म्हणाली, 'तू तापट आहेस हे मला तुझ्या बारशाच्या आधीपासून माहीत आहे.' आणि चहा प्यायली. मग दोघीही खालची भांडणं ऐकत बसलो.

तर असा हा प्रकार. हॉटेलविरुद्ध माझी तक्रार कायम आहे. ती तू वरिष्ठांकडे पोचव, आणि तिच्यातच त्या मुलीला, मॅनेजरना आणि बटलरला बढती द्यावी असंही लिही (तक्रारीशिवाय तिथे कोणी काही वाचत असेल असं वाटत नाही). प्रकृतीला जप.

तुझी,
मावशी

ता. क. हे पत्र तुझ्या आईने वाचलं आहे. दोन ठिकाणी शब्द सौम्य कर म्हणाली. केले नाहीत.

ता. क. कार्ड बंद करू नकोस. पुढच्या वर्षीही आम्हांला तीच मागची खोली हवी. तिच्यासोबत पुढच्या सगळ्या खोल्या आणि पियानो आला तरी आमची हरकत नाही. बटलर मात्र तोच हवा.

ता. क. आता मुद्द्याचं. तुझ्या आईचं महिनाअखेरचं तिकीट रद्द कर. ती माझ्याकडे राहणार आहे. तू जितक्या रात्री मोकळा असशील तितक्या रात्री इथे ये. दिवाणखान्यात घडीची खाट आहे, उशी एकच आहे, टणक आहे, आणि चहात साखर घालणार नाही. पण तिला नेणार नाहीस असं तुझ्या हाताने कागदावर लिही, सही कर, आणि ते सोमवार, २४ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडेल असं बघ. लेखीच हवं. फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं 'आई' म्हणालास तरी ती बॅग भरायला घेईल.