पालकसभेतलं गाऱ्हाणं

धारगळ, २ जुलै २०२४

ती. रूपालीताईस,
धाकट्या रुद्रेशचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो म्हणून तू पत्र लिहायला लावलंस, घे आता. इकडे सगळे खुशाल, मी सोडून. आपल्या गावच्या शाळेत नवी टीचर आलीय, कारापूरची सेजल. हसू नकोस! ती वर्गात एक वाक्य बोलली की आठवीची पोरं, देवळात गाऱ्हाण्याला ओरडतात तशी, एका सुरात व्हय म्हाराजा करतात. शाळा उघडल्यापासून हेच. आता त्याचा व्हिडिओही गावभर फिरतोय. हेडमास्तर म्हणतात, पोरं मस्ती करणारच. सेजल म्हणते, गणपतीच्या चवथीपर्यंतही टिकणार नाही, राजीनामा देते. म्होरक्या बाबलीकाकांचा साईश. तुझं उत्तर येईपर्यंत हात आवरतो, पुढे नाही.

आशीर्वाद आणि जमल्यास परवानगी पाठवावी.
तुझा रुद्रेश

स्विंडन, इंग्लंड, १३ जुलै

चि. रुद्रेशास अ. उ. आ.

कॉलेज अर्ध्यावर सोडून टॅक्सी घेतलीस, डोकं मात्र तेच. पोराला हात लावलास तर व्हिडिओ तुझा फिरेल आणि नोकरी तिची जाईल. इथेही तेच रे. मी फळ्याकडे वळले की माझा वर्ग कुत्र्यासारखा भुंकतो. आमच्या हेडबाईंनी मलाच कडक व्हायला सांगितलं, ते भुंकण्याहून जास्त लागलं. सोबतची एक तुर्की टीचर तेवढी सगळ्यांदेखत म्हणाली की हे चूक आहे. त्या दिवशी मी नीट जेवले. सेजलला पैलवान नको असेल. काय हवं ते तिलाच विचार. आणि आईला यातलं काही बोलू नकोस.

गावच्या बेकरीतल्या गरम पोयांवर जीव ठेवून असलेली,
तुझी ताई

धारगळ, ६ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

विचारलं. तिला एवढंच हवं होतं, कुणीतरी चारचौघांत हे चूक आहे म्हणावं. म्हणून शेजारच्या लक्ष्मीवहिनींच्या जागी पालकसभेला गेलो. हेडमास्तर पुन्हा मस्ती म्हणाले आणि माझं डोकं सटकलं. शिव्या ओठांवर आल्या, पण समोर सगळ्या आयाबाया, त्यामुळे तोंडातून गाऱ्हाणंच निघालं. बा देवा म्हाराजा, ही बाय आमच्या पोरांक शिकवता! सवयीने अख्खी सभा गरजली, व्हय म्हाराजा! तिका रोज वर्गात रडवतत ती पोरां आमचीच! निम्मे व्हय म्हणून बसले, मग एकमेकांकडे बघायला लागले.

बाबलीकाका उसळले. देवळात गाऱ्हाणं घालणारे तेच ना! देवाच्या शब्दाची थट्टा करतोस म्हणाले. मी म्हटलं, काका, मी एकदा केली, तुमचा साईश रोज करतो. त्यांचा फोन बटणांचा, व्हिडिओ त्यांनी पाहिलाच नव्हता. बाजूच्याने दाखवला, तसे खाली बसले. दुसऱ्या दिवशी साईशला स्वतः घेऊन सेजलपुढे उभे राहिले.

सेजल माझ्यावरच उखडली. एक वाक्य मागितलं होतं, दशावतार कशाला केलास म्हणाली. पण काल वहिनींच्या पोराचा डबा द्यायला म्हणून गेलो, तर वर्गात एवढी शांतता की तिलाच सुचेना. ऐकू येतं ना, असं तिने विचारलं. एक मुलगी चुकून व्हय म्हणाली आणि जीभ चावून बसली. सेजल खळखळून हसली, मग सगळा वर्ग. राजीनामा रद्द! माझ्याकडे बघून ती एवढी कधी हसली नाही ग. त्या पोरांवर जळतो मी.

तुमच्याकडे पालकसभा कधी असते ते कळव. तिकीट परवडणार नाही, पण गाऱ्हाणं फोनवरूनही घालता येतं, आणि ओरडायला मी आहेच.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा रुद्रेश